दुपारची एंगेज लाईन

१

हैबती उतेकर घोणस चावून गेले, पण पोलादपूरच्या त्यांच्या घरात घोणशीचं नाव कुणी घेत नव्हतं. नाव घेतलं जात होतं ते त्यांच्या सुनेचं, श्रुतिकाचं.

हकिगत एव्हाना सगळ्या भावकीला तोंडपाठ झाली होती. दसरा उरकून हैबती वर कुडपणला नाचणी काढायला गेले होते. दुपारी बांधावर पाय पडला आणि घोणशीनं डंख मारला. कुडपणात त्या दिवसांत मोबाईलला रेंज नव्हती आणि गावात त्या घडीला एकही गाडी नव्हती. फोन होता तो एकट्या गोमाजीच्या दुकानात. गोमाजीनं पोलादपूरला हैबतींच्या घरी फोन लावला. तिथं थोरला मुलगा, श्रुतिकाचा नवरा दत्ताराम, जेवून आडवा झाला होता आणि त्याची जीप अंगणात उभी होती. फोन एंगेज. पुन्हा लावला, पुन्हा एंगेज. स्टँडवरच्या जीपवाल्यांचा फोन नुसता वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पोलादपूरची लाईन लागली आणि दत्तारामनं जीप वर हाकली, तोवर हैबतींनी मान टाकली होती.

आता लाईन एंगेज का, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. त्या घरात इंटरनेट फोनच्याच तारेवरून चालायचं. नेट चालू झालं की फोन मुका. आणि घरात कॉम्प्युटरवर बसणारं माणूस एकच, श्रुतिका. नोकरीच्या जाहिराती बघायची ती. घरच्यांना ते आधीपासूनच खुपत होतं.

हैबतींची थोरली मुलगी अनुपमा महाडच्या एका शाळेत गणित शिकवायची. तिचा राग नाकावर असायचा आणि तिचे विद्यार्थी अजूनही ती समोरून आली की सायकलवरून उतरतात. अंत्ययात्रेच्या दिवशी भरल्या अंगणात तीच पहिली ओरडली होती, "हिनं मारलं माझ्या बापाला!" तो शब्द मग ज्यानं त्यानं उचलला.

तेराव्याच्या आदल्या सकाळी ती महाडहून आली, तेव्हा निकाल लागून गेला होता. उद्या जेवणं झाली की श्रुतिकाचा भाऊ सव गावाहून येऊन तिला घेऊन जाणार. कायमची. आणि तिची चार वर्षांची मुलगी मैना इथंच राहणार.

"बरोबर केलंत," अनुपमा म्हणाली. आणि हे श्रुतिकाला तोंडावर ऐकवायचंच म्हणून ती तरातरा मागच्या पडवीत गेली.

श्रुतिका तांदूळ निवडत बसली होती. सासरे गेल्यापासून तिला पुढच्या खोलीत पाऊल टाकू दिलेलं नव्हतं. अनुपमाचं सगळं बोलून होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "त्या दिवशी दुपारी मी कॉम्प्युटर लावलाच नव्हता. गडगडत होतं म्हणून मी त्याची पिनच काढून ठेवली होती. पहिल्या दिवसापासून सांगतेय. कुणी ऐकत नाही."

"खोटं!" अनुपमा कडाडली.

"असू दे," श्रुतिका म्हणाली आणि सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

२

खोटं बोलणारं माणूस अनुपमाला वर्गात दुरून ओळखू यायचं. ते वाद घालतं, रडतं, शपथा घेतं. हिनं यातलं काहीच केलं नाही, आणि त्यामुळं अनुपमा जास्तच भडकली. पुढच्या खोलीत बनुबाई, तिची आई, भिंतीला टेकून बसली होती. घरात कुणी भेटायला आलं की तिचं तेच गाऱ्हाणं सुरू व्हायचं.

"आई, त्या दुपारी काय झालं ते मला परत सांग. नीट सांग."

"काय सांगू गो अनू? भावजयच्या घरी फोन करायचा म्हणून मी फोन उचललाव, तं आत नुसती किरकिर. मेलं ते नेट! तुझा बा तिकडं तडफडतोय आणि ही नेट लावून बसली."

"तू वर माडीवर जाऊन बघितलंस तिला?"

"माझं गुडघं मला जिना चढू देतात काय? आवाज आला म्हंजी नेट. आणि नेट म्हंजी हीच." बनुबाईनं पदरानं डोळे पुसले आणि तिच्या तक्रारींची गाडी भलत्याच रुळावर गेली. "त्या दिवशी सकाळपासूनच तिचं चाळं चाललं व्हतं. जरा गडगडलं तं टीव्हीची पिन काढलान. माझी मालिका चालू व्हती! वरच्या माडीवरच्या सगळ्या पिना काढून आली आणि मला सांगते, आई, वीज पडंल. टीव्ही जो बंद केलान तो संध्याकाळपर्यंत."

अनुपमा आईच्या आणखी जवळ सरकली.

"आई, वरच्या सगळ्या पिना काढल्या होत्या?"

"तीच सांगत व्हती की. तवा मी भांडलाव तिच्याशी."

"मग कॉम्प्युटर कशावर चालला?"

बनुबाईनं तिच्याकडं बघितलं. हा प्रश्न इतक्या दिवसांत त्या घरात कुणालाही पडला नव्हता. आणि अनुपमाला आईचा, भावाचा, भावकीचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा असा काही संताप आला की तिला बसवेना. ती उठून फोनपाशी गेली. फोनशेजारी फळीवर वहीएवढा निळा डबा होता आणि त्यातून एक तार निघून जिन्यावरून माडीवर गेली होती.

"ह्या डब्याची पिन नव्हती काढली?"

"त्याला हात लावायचा नाय. विनीतनं निक्षून सांगितलंय. बंद केला तं बिघडतो म्हनं."

विनीत म्हणजे धाकटा. मुंबईत एका कंपनीत कॉम्प्युटरच्या तारा जोडायचा. गणपतीत येऊन त्यानंच तो डबा बसवला होता. अनुपमानं त्याला पाढे शिकवले होते, कडेवर घेऊन जत्रेत फिरवलं होतं. घरात सगळ्यांचा लाडका. बाप गेल्यापासून डोकं भादरून, पुढच्या खोलीत चटईवर, दिव्याजवळ तोच झोपत होता. दिव्याला राखण म्हणून आपणहून पुढे झाला, हे बनुबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायची.

आत्ता तो दत्तारामबरोबर सामान आणायला बाजारात गेला होता. अनुपमानं पायांत चपला अडकवल्या आणि शेजारच्या हर्षदचं दार वाजवलं.

३

हर्षद एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. विनीतचा बालमित्र. त्या डब्यातून एक तार आपल्यालाही हवी म्हणून तो विनीतच्या मागं लागला होता, हे तिनं ऐकलं होतं.

"तुझी चोरटी तार आहे का रे आमच्या डब्यात?" अनुपमानं दारातच विचारलं.

हर्षद लालबुंद झाला. "अनुपमाताई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून ऐकून घेतो. मी विनीतकडं तार मागितली होती, ती उघड मागितली होती. तो नाही म्हणाला. डब्याला बोट लावू दिलं नाही मला. दसऱ्याला सोनं द्यायला आलो तेवढाच. त्यानंतर तुमचा उंबरा ओलांडलेला नाही."

"मग मला एवढंच सांग. वर कॉम्प्युटर बंद. त्याला वीजच नाही. तरी फोनमध्ये नेटची किरकिर. हे होऊ शकतं?"

"होऊ शकतं." राग विसरून हर्षद पुढे सरसावला. "फोन लावतो तो कॉम्प्युटर नव्हे, राऊटर. तो निळा डबा. त्याला जसं सांगून ठेवाल तसं तो करतो. कुणी मागितलं तरच लाव, असं सांगता येतं. किंवा अमुक वेळी आपणहून लाव, तुटलं की परत लाव, असंही सांगता येतं. मग घरात चिटपाखरू नसलं तरी तो लाईन धरून बसेल."

"आणि काय सांगून ठेवलंय ते बघता येतं?"

"पासवर्ड लागतो. तो विनीतलाच माहीत."

"तू चल आधी."

बनुबाईनं नाक मुरडलं, पण लेकीचा चेहरा बघून वाट दिली. माडीवर हर्षदनं कॉम्प्युटर लावला, डब्याच्या सेटिंगचं पान उघडलं आणि नवीन डब्यांना कंपनीच घालून देते तो पासवर्ड सहज म्हणून टाकून बघितला. दार सताड उघडलं. तो पडद्याकडं बघत राहिला.

"आत काहीच नाही, ताई. फोन कुठल्या नंबरला लावायचा तो नंबरसुद्धा नाही. दुकानातून आणल्यावर असतो तसा कोरा आहे. हा डबा आत्ता फोन लावूच शकत नाही."

"म्हणजे बिघडला?"

"बिघडला नाही. कुणीतरी पुसलाय."

४

"कसा पुसतात?" जिना उतरता उतरता अनुपमानं विचारलं.

"मागच्या बाजूला बारीकसं भोक असतं. त्यात टाचणी घालायची आणि दाबून धरायची. केलेलं सगळं जातं."

फळीवरच्या डब्यापाशी दोघं वाकले. हर्षदला आधी काही उमजेना, कारण डबा उलटा ठेवलेला होता. दिवे भिंतीकडं आणि पाठ खोलीकडं.

"हा असा कुणी फिरवला?"

"मीच," बनुबाई म्हणाली. "दिस नाय, रात नाय, डोळं मिचकावतो मेला. मी त्याचं तोंड फिरवून ठेवलाव. दसऱ्याला कोयता पुजलाव, जीप पुजली, फोन पुजला, तसा ह्यालाबी कुंकू लावलाव."

दसऱ्याला हत्यारं पुजायची, आणि म्हातारीच्या लेखी हे घरातलं नवं हत्यार होतं. तिनं पाठीलाच तोंड समजून मधोमध ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा लावला होता. तो वाळून कडक झाला होता. टिळ्याच्या बरोबर मधे टाचणीएवढं भोक पडलं होतं आणि भोवतीच्या कुंकवाला तडे गेले होते. खालच्या फळीवर लाल भुगा सांडला होता.

"टिळा लावलास तेव्हा हे भोक होतं, आई?"

"नाकासारखी खळी व्हती म्हणून तर तिथंच लावला. बुजवून टाकलाव चांगला."

म्हणजे डबा पुसला गेला तो दसऱ्यानंतर, आणि त्या दुपारी तो लाईन धरून बसला होता म्हणजे बाप गेल्यानंतरच. अनुपमानं फळीला हात टेकला. मागच्या पडवीतून पुढे येऊ न दिलेली बाई तो पुसणार नव्हती. हर्षद उंबऱ्याच्या आत आला नव्हता. दत्तारामला टीव्हीचं चॅनल लावायचं तर मैनाला हाक मारावी लागायची. उरलेलं नाव तिच्या मनात आलं आणि तिनं ते रागारागानं बाजूला ढकललं. तो कशाला पुसेल? त्या दुपारी तो मुंबईत होता. त्याचा त्या लाईनशी संबंधच काय?

५

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुडपणहून चालत आलं. गोमाजी तेराव्याच्या जेवणाला लवकर आला होता. अंगणाच्या कडेला तो हातपाय धूत होता, तिथंच अनुपमानं त्याला गाठलं.

"काका, पोलादपूरची लाईन शेवटी लागली ती कशी?"

"लागली तशीच. देवाला दया आली जरा उशिरानं." गोमाजीनं टॉवेलनं तोंड पुसलं. "मी बोटं दुखंपर्यंत फिरवीत व्हतो. मागं तुझा बा दुकानाच्या ओट्यावर. मला दुसरा नंबर पाठ तो विनीतचा. म्हटलं मुंबयवाल्याला तरी कळवावं. त्याला सांगितलाव, बाबा रे, तुझ्या बाला सर्प लागलाय आणि तुमच्या घरचा फोन कवाचा एंगेज हाय."

"तो काय म्हणाला?"

"काय नाय. 'अरे देवा' म्हटलान आणि फोन ठेवलान. मला वाटला, घाबरला पोर. आणि गंमत बघ हां अनूबाय, मी तसाच परत पोलादपूर फिरवला, तं पयल्या झटक्यात लागला! जसा काय कुणी गाठ सोडवलान."

गोमाजी पुढे कितीतरी वेळ बोलत होता, देवाबद्दल, नशिबाबद्दल, हैबतीच्या चांगुलपणाबद्दल. अनुपमाच्या कानांवर त्यातलं काहीच पडत नव्हतं. पोलादपूरची लाईन मुंबईत बसून कोण सोडवू शकतो? ज्यानं ती मुंबईत बसून धरली आहे, तोच.

अंगणात पंगत बसत होती. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. सवहून श्रुतिकाचा भाऊ बहिणीला न्यायला आला होता.

६

"वाढू नका," अनुपमा म्हणाली.

वाढप्यांचे हात थांबले. "काय गो, काय झालं?" दत्ताराम पुढे आला.

"याच अंगणात सगळ्यांसमोर मी एका बाईवर आळ घेतला. आता सगळ्यांसमोरच बोलायचंय. विनीत, इकडे ये."

विनीत पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत फिरत होता. तो तिथंच उभा राहिला.

"त्या दुपारी श्रुतिकाचा कॉम्प्युटर बंद होता. वरच्या पिना काढल्या होत्या, हे तिच्याशी भांडलेली आईच सांगते. तरीही लाईन चालू होती. म्हणजे लाईन धरली होती खालच्या डब्यानं. डबा आपल्या मनानं काही करत नाही, त्याला हुकूम लागतो. हुकूम देणारा पासवर्ड कुणाकडं आहे?"

पंगतीतल्या माना एकेक करून विनीतकडं वळल्या.

"त्या डब्यातले हुकूम त्या दुपारनंतर कुणीतरी टाचणी घालून पुसून टाकलेत. म्हणजे ते कुणाच्या नजरेला पडू नयेत, असं कुणाला तरी वाटत होतं. श्रुतिकाला पुढच्या खोलीत तुम्ही येऊ देत नव्हता. रोज तिथं कोण झोपत होतं? आणि शेवटचं. गोमाजीकाकांनी मुंबईला तुला फोन केला, तू ठेवलास, आणि त्याच क्षणी इथली लाईन मोकळी झाली. मुंबईहून. आता तू सांगतोस का मी सांगू?"

विनीतचा भादरलेला माथा घामानं चमकत होता.

"ताई, मला मोठ्या कंपनीत मुलाखत होती. लांबचा राऊटर मुंबईत बसून कसा चालवायचा, सेटिंग कशी बदलायची, ते करून दाखवावं लागतं. सराव करायला माझ्याकडं दुसरा राऊटर नव्हता. म्हणून दसऱ्याला आलो तेव्हा घरच्या राऊटरला सांगून ठेवलं, दुपारी आपणहून नेट लाव, तुटलं तर परत लाव. लागलं की तो आपला पत्ता मला मुंबईला कळवायचा आणि मी तिथून आत शिरायचो. दुपारी सगळे झोपलेले असतात. कुणाचा फोन येणार, असं वाटलं..." त्यानं गोमाजीकडं बघितलं. "काकांचा फोन आला तसा मी लगेच परत लावायचा हुकूम काढला आणि लाईन तोडली. एक सेकंद नाही लावला. आईशप्पथ!"

"तोडलंस ते बरंच केलंस." अनुपमाचा आवाज एकदम खाली आला, आणि जे तिला ओळखत होते ते त्या खालच्या आवाजालाच जास्त घाबरले. "ती चूक होती. तू आल्या आल्या पायांवर डोकं ठेवून सांगितलं असतंस, तर आम्ही रडलो असतो, तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि पोटाशी घेतलं असतं. पण तू दिव्याशेजारी बसून टाचणी घातलीस. पुढच्या खोलीत आम्ही श्रुतिकाचं नाव घेऊन बोटं मोडत होतो आणि तू ऐकत होतास. तिची पोर तिच्यापासून तोडायचं ठरलं, तेव्हा तू इथंच बसला होतास ना? तेव्हा तुला मुलाखतीची काळजी होती की कातडीची?"

"मला वाटलं, चार दिवसांत निवळेल..."

अनुपमाचा हात उठला. सगळ्या पंगतीला वाटलं, आता बसली. पण तिनं त्याच्या हातातून नुसता तांब्या काढून घेतला. "ज्या हातानं ते भोक पाडलंस, त्या हातानं माझ्या बापाच्या तेराव्याला पाणी वाढू नकोस. हो बाजूला!"

विनीत पंगतीच्या कडेला जाऊन बसला. बनुबाईनं तोंडाला पदर लावला होता. दत्ताराम एकदा भावाकडं आणि एकदा घराच्या दाराकडं बघत होता, कारण दारात श्रुतिका येऊन उभी होती. कडेवर मैना, हातात एक पिशवी.

"श्रुतिका," दत्ताराम चाचरत म्हणाला, "झालं ना आता सगळं स्वच्छ? ठेव ती पिशवी."

"रहा गो बाय," बनुबाई म्हणाली. "माझ्या तोंडाला आग लागो. झालं गेलं इसर."

श्रुतिका अंगणात उतरली. भावकीनं पाय आखडून वाट दिली. ती अनुपमासमोर थांबली, आणि बारा दिवस दाबून धरलेला आवाज आता कुठं बाहेर आला.

"वन्सं, तुम्ही फार मोठा तपास केलात. डबा उघडलात, माणसं बोलावलीत, सगळं शोधून काढलंत. आणि निघालं काय? मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेवढंच. 'मी कॉम्प्युटर लावला नव्हता.' ते ऐकायला तुम्हाला एवढी शोधाशोध का करावी लागली?"

आयुष्यभर अनुपमानं मुलांकडून उत्तरं मागितली होती. आज उत्तर तिच्याकडं मागितलं जात होतं.

श्रुतिका नवऱ्याकडं वळली. "मी सवला जातेय. मैना माझ्याबरोबर येतेय. मला न्यायला यायचं असेल तर एकटे येऊ नका. ज्यांच्यासमोर मला खुनी म्हटलंत, ती सगळी भावकी घेऊन या, आणि माझ्या माहेरच्या अंगणात तितक्याच मोठ्यानं सांगा की मी खरं बोलत होते."

मैनाला घेऊन ती जीपमध्ये बसली. भावानं गाडी वळवली. पानांवरचा भात निवत चालला होता, पण घास घ्यायला कुणाचा हात पुढे होईना. सगळी भावकी अनुपमाच्या तोंडाकडं बघत होती. ती काहीतरी बोलेल, नेहमीसारखी कडाडेल, कुणाला तरी दोष देईल, अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

अनुपमानं तांब्या खाली ठेवला, पायांत चपला घातल्या आणि दत्तारामला म्हणाली, "जीप काढ. सवला आधी मी जाते. पहिली मीच ओरडले होते."